मोबाइल-ॲप करण्यापूर्वीची विचारपूस
(वार्षिक स्नेहसंमेलनात ॲप-उपसमितीच्या वतीने झालेले भाषण)



आपल्या संस्थेची सभासद-सूची, वधूवर-सूचना आणि विद्यार्थि-साहाय्य ही तीन कार्ये एका मोबाइल-ॲपच्या द्वारे व्हावीत, असा ठराव कार्यकारी मंडळाने केला व ते काम आमच्या उपसमितीकडे सोपविले. तेव्हापासून जो भेटेल तो एकच प्रश्न करतो, 'ॲप केव्हा होणार?' आमचे उत्तर असे की, ॲप तयार करून देणाऱ्यांकडे आम्ही अद्याप गेलोच नाही. प्रथम आम्ही सभासदांच्या घरी जात आहोत. या उत्तराने काही उत्साही मंडळींचा हिरमोड झाला आहे. म्हणून या विलंबाची कारणे आपणांपुढे ठेवण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्षांकडून मागून घेतली.

आराखडा कागदावर असतो तोवर एक रेघ पुसावयास खोडरबर पुरते. तीच गोष्ट ॲप लिहून झाल्यावर बदलावयाची म्हटली की मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागते. शिवाय ज्या निधीतून हा खर्च व्हावयाचा, त्याच निधीतून आपल्या गरजू मुलांची शुल्केही भरली जातात, हे विसरून चालणार नाही.

या संबंधात आफ्रिकेतील केनिया देशाचे एक उदाहरण मोठे उद्बोधक आहे. तेथील 'एम-पेसा' ही मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सोय आज जगप्रसिद्ध आहे. (यातील 'पेसा' हा स्वाहिली शब्द आपल्या 'पैसा' या शब्दाचाच भाऊबंद होय.) परंतु आरंभीचा हेतू निराळा होता. लहान कर्जे घेणाऱ्या लोकांनी आपले हप्ते मोबाइलवरून भरावेत, अशी योजना व्होडाफोन व सफारीकॉम या कंपन्यांनी आखली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये सुमारे ५०० कर्जदारांना हाती घेऊन तिची चाचणी सुरू केली. लोक वस्तुतः काय करतात याकडे चालकांनी बारकाईने लक्ष दिले, तेव्हा निराळाच प्रकार दिसून आला. कोणी गावाकडील बायकोस पैसे पाठवीत होता. कोणी दिवसभराचा गल्ला रात्रीपुरता सुरक्षित राहावा म्हणून तेथे ठेवीत होता. चालकांनी हट्ट धरला नाही. कर्जाच्या हप्त्यांचा भाग बाजूस सारून, 'घरी पैसे पाठवा' एवढीच एक सोपी गोष्ट पुढे करून मार्च २००७ मध्ये त्यांनी ती सोय सर्वांस खुली केली. लहान चाचणी न करता मूळची योजनाच देशभर लादली असती तर काय झाले असते, हे सांगावयास नको.

आता आमच्या विचारपुशीविषयी. 'तुम्हांस ॲप हवे काय?' हा प्रश्न आम्ही कटाक्षाने टाळतो. दारी आलेल्या ज्ञातिबांधवास नाही म्हणण्याची आपली रीत नव्हे. सर्वच जण 'हो, उत्तम कल्पना' म्हणतात, आणि त्या उत्तरास कवडीचे मोल नसते. त्याऐवजी आम्ही घडलेली गोष्ट विचारतो. मागील खेपेस मुलीसाठी स्थळ पाहिलेत, तेव्हा पहिल्या दिवशी काय केलेत? कोणास फोन केलात? शिष्यवृत्तीचा अर्ज कोणी भरला, आणि तो कोठे अडला? मग शक्य असेल तर फोन हाती घेऊन ते प्रत्यक्ष करून दाखवावयास सांगतो, आणि स्वतः गप्प बसतो. हे गप्प बसणे आमच्यासारख्या व्याख्यानप्रिय मंडळींस फार जड जाते, एवढे नमूद केले पाहिजे!

आतापर्यंत ज्या घरी जाणे झाले तेथे पुष्कळ पाहावयास मिळाले. एका घरी आजींनी संस्थेच्या छापील सूचीतील पानाचा फोटो काढून तो आपल्या भाचीस व्हॉट्सॲपवर धाडला होता आणि सोबत बोलून निरोप दिला होता. टंकलेखनाच्या वाटेस त्या जातच नाहीत. दुसऱ्या घरी तिघांत मिळून एकच चांगला फोन, आणि तो दिवसभर थोरल्या मुलाबरोबर कामावर जाणारा. ॲप बांधणारे 'एक क्रमांक म्हणजे एक माणूस' असे धरून चालतात; प्रवेशाचा सांकेतिक अंक त्या क्रमांकावर येतो. म्हणजे सूनबाईंनी दुपारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास घेतला, तर अंक मात्र पाच कोसांवरील दिरांच्या खिशात जाऊन पडणार.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हांस उपवर मुलींकडून कळली. त्यांच्याशी आमच्या भगिनी-सदस्यांनी वडीलधाऱ्यांच्या गैरहजेरीत निराळे बोलणे केले. वधूवर-नोंदणीचा छापील अर्ज आजवर बहुधा वडील भरतात. मुलींचे म्हणणे असे की, आपले छायाचित्र, जन्मतारीख, वेतन व पत्ता सर्व सभासदांच्या फोनवर एका क्षणी उघडे पडणार असेल तर आम्हांस ते नको. कोणी पाहिले हे आम्हांस कळावे, आणि लग्न ठरताच नाव काढून टाकण्याचा अधिकार आमच्या हाती असावा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा मूळ आधारही संमती हाच आहे. पण कायदा नसता तरी या मागणीस नकार कसा देता आला असता? आणि ही मागणी बैठकीच्या खोलीत, वडिलांसमोर, एकही मुलगी उच्चारती ना.

विचारपुशीबरोबर आम्ही पुठ्ठ्याचाही उपयोग करतो. १९९६ मध्ये निघालेल्या 'पायलट' या खिशात मावणाऱ्या यंत्राचे जनक जेफ हॉकिन्स यांनी, यंत्र हाती येण्यापूर्वी, त्याच आकाराचा लाकडी ठोकळा बरोबर बाळगला होता. काही टिपावयाचे झाले की ते तो काढून त्यावर लिहिल्याचा अभिनय करीत. आम्ही फोनच्या मापाच्या पुठ्ठ्यांवर पेन्सिलीने पडदे रेखाटले आहेत. बोट कोठे ठेवाल, असे विचारावयाचे आणि बोट कोठे थबकते ते पाहावयाचे. एका पुठ्ठ्यावर 'स्थळ पाहा' असे होते. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या एका तरुणाने, येथे नकाशा उघडेल, असे आत्मविश्वासाने सांगितले! तो पुठ्ठा बदलावयास दोन मिनिटे लागली.

काहींचे म्हणणे की, शेकडो कुटुंबांतून मूठभर घरे पाहून काय होणार? आम्ही मतमोजणी करीत नाही. अडचणी शोधीत आहो. तीच अडचण चार-पाच घरी पुनःपुन्हा दिसू लागली की तिच्याविषयी शंका उरत नाही. मात्र ही घरे एकाच वळणाची नसावीत. सभेस नित्य येणाऱ्यांची मते आम्हांस ठाऊक आहेत. जे येत नाहीत, ज्यांची वर्गणी थकली आहे, ज्या भगिनी एकट्याने संसार चालवीत आहेत, जे गावी राहून शेती पाहतात, त्यांच्याकडे प्रथम जावयाचे आम्ही ठरविले आहे. परदेशी असलेल्या बांधवांशी दूरध्वनीवरून बोलणे होईल.

तरी विनंती अशी : आमचे दोघे जण, त्यांत एक भगिनी, आपल्या घरी येतील. पोहे-चहाचा घाट घालू नये, आणि फोन पुसूनपासून तयार ठेवू नये. आहे तसाच दाखवावा. कोणताही क्रमांक वा छायाचित्र आम्ही उतरवून घेणार नाही. ज्यांना सोयीचा वार कळवावयाचा असेल त्यांनी सभागृहाच्या दाराशी ठेवलेल्या वहीत आपले नाव लिहावे. आणि ज्यांना ॲप मुळीच नको आहे त्यांनी तर अवश्य लिहावे.