चोर, शिपाई आणि मतदार



वसंतातल्या या रम्य संध्याकाळी चोर-शिपायांची कथा सांगण्यास आम्ही उभे राहिलो, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु रात्री दाराला कडी लावताना ज्याच्या मनात चोराचा विचार येत नाही, असा गृहस्थ या मंडपात क्वचितच सापडेल. ही भीती सर्वांच्या घरी असते, म्हणूनच निवडणुकीत तिला मोल येते. राजकीय पक्ष गुन्हे कमी करण्याचे वचन देतो, तेव्हा त्या वचनाची पारख मतदाराने कशी करावी, एवढाच प्रश्न आज आम्ही आपणांपुढे ठेवणार आहोत. त्यासाठी उदाहरण घेऊ इंग्लंडच्या मजूर पक्षाचे.

हेच उदाहरण का? तेथे मोजमापाची सोय आहे. चौकीतील वहीत नोंदला जातो तेवढाच गुन्हा, असे धरले तर फिर्याद न लिहून घेणारा फौजदारच सर्वांत कर्तबगार ठरेल. इंग्लंडात 1982 पासून घरोघर जाऊन ‘गेल्या वर्षात तुमच्यावर कोणता गुन्हा घडला?’ असे विचारण्याची पद्धत पडली. त्यामुळे पोलिसांच्या वहीला एक साक्षीदार मिळाला.

शिस्त आणि शिक्षा ही तेथे दीर्घकाळ हुजूर पक्षाची मिरास समजली जाई, आणि मजूर पक्ष गुन्हेगाराविषयी हळवा मानला जाई. 1993 साली टोनी ब्लेअर हे विरोधी पक्षातर्फे गृहखात्याचे काम पाहत होते. त्यांनी घोषणा दिली, की आम्ही गुन्ह्याशी कठोर राहू आणि गुन्ह्याच्या कारणांशीही कठोर राहू. त्याच वर्षी फेब्रुवारीत लिव्हरपूलनजीक दहा वर्षांच्या दोन मुलांनी दोन वर्षांच्या बालकाचा खून केला आणि सारा देश हादरला. अशा वेळी ती घोषणा लोकांच्या मनात रुजली.

1997 साली पक्ष सत्तेवर आला. वारंवार गुन्हा करणाऱ्या मुलांच्या खटल्यांत अटकेपासून शिक्षेपर्यंत सरासरी 142 दिवस लागत. ते 71 वर आणू, असे त्याचे वचन होते. 2001 साली ते पुरे झाले. 1998 च्या कायद्याने पोलीस, शिक्षण, आरोग्य आणि समाजकल्याण या खात्यांची माणसे बालगुन्हेगारांच्या कामासाठी एका पथकात आणली. 2002 च्या कायद्याने वस्तीत पायी फिरणारे साहाय्यक नेमण्याची सोय झाली. आणि घरोघरच्या पाहणीप्रमाणे गुन्हे खरोखरच वर्षानुवर्षे घटत गेले.

मग सारे श्रेय मजूर पक्षाला द्यावे काय? येथे थोडे थांबले पाहिजे. पाहणीतला गुन्ह्यांचा कळस 1995 सालचा आहे. म्हणजे पक्ष सत्तेवर येण्याच्या दोन वर्षे आधीच उतार लागला होता. अमेरिकेत आणि कॅनडातही त्या दशकात गुन्हे घटले, आणि तेथे काही मजूर पक्षाचे राज्य नव्हते. 1998 पासून युरोपात नव्या मोटारींना खरी किल्ली ओळखल्याविना इंजिन चालू न होणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि मोटारचोरी कमी होण्यास तिचा मोठा हातभार लागला. शिपायाच्या दंडुक्याला जे साधले नाही, ते कारखान्यातल्या कारागिराने पुष्कळसे साधले.

आता घोषणेचे दोन भाग वेगवेगळे तपासू. कठोरपणाचा भाग झपाट्याने अमलात आला. 1997 साली इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे 61,000 कैदी होते, ते 2010 साली सुमारे 85,000 झाले. उपद्रवी वर्तन करणाऱ्यास न्यायालयाने मनाई हुकूम द्यावा आणि तो मोडला तर तोच गुन्हा ठरावा, अशीही योजना झाली. ती पुढे 2014 च्या कायद्याने मोडीत निघाली. कारणांचा भाग मात्र संथ होता. गरीब वस्त्यांतील पाच वर्षांखालील मुलांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी केंद्रे निघाली. त्या केंद्रांच्या परिसरात वाढलेली मुले पुढे गुन्ह्याकडे कमी वळली, असे 2024 साली एका अभ्यासात दिसले. पण तोवर पाव शतक लोटले होते, आणि 2010 नंतर त्या केंद्रांचा पैसा फार आटला होता. निवडणूक येते पाच वर्षांनी. मूल मोठे होण्यास पंधरा वर्षे लागतात. कारणांवर खर्च करणारा पक्ष फळ पदरात पडण्यापूर्वीच घरी जातो, ही खरी अडचण आहे.

हुजूर पक्षाचाही हिशेब पाहू. त्याच्या कारकिर्दीत पोलिसांची संख्या 2010 मधील सुमारे 1,44,000 वरून 2017 मध्ये सुमारे 1,23,000 वर आली. एकंदर गुन्हे त्याने लगेच वाढले नाहीत. पण 2014 नंतर सुरीहल्ल्यांची नोंद वाढत गेली. मग 2019 साली त्याच पक्षाने 20,000 पोलीस वाढवण्याचे वचन दिले, म्हणजे जवळजवळ काढले तेवढेच परत देण्याचे! संख्या भरून आली, पण गेलेल्या जुन्या शिपायाची वस्तीशी असलेली ओळख भरतीने परत येत नाही. 2024 च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षाने मोहल्ल्यांसाठी 13,000 जादा माणसांचे आणि दहा वर्षांत सुरीहल्ले निम्मे करण्याचे वचन दिले. त्याचा हिशेब पुढे होईल.

हे सारे आम्ही येथे का सांगितले? आपल्या घटनेने पोलीस हा राज्याचा विषय ठरवला आहे; त्याचा जाब विधानसभेच्या उमेदवाराला विचारता येतो. 1829 साली लंडनचे पोलीसदल उभे राहिले, तेव्हा गुन्ह्याचा प्रतिबंध हे त्याचे पहिले काम ठरले. आपल्याकडचा 1861 चा पोलीस कायदा सत्तावनच्या उठावानंतरचा. त्याची पहिली चिंता राज्य टिकवण्याची होती. अधिकाऱ्यांना ठराविक मुदत द्या, तपासाचे काम बंदोबस्तापासून वेगळे काढा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र मंडळ नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली सर्व राज्यांना बजावले. एवढे दिवस लोटूनही त्याचे पूर्ण पालन झालेले नाही.

तेव्हा, श्रोतेहो, पुढच्या निवडणुकीत कोणी ‘गुन्हे मोडून काढू’ म्हणत दारी आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. गुन्हे घटले हे कोणत्या मापाने मोजाल? तपासणाऱ्या फौजदाराची बदली कोणाच्या चिठ्ठीने होईल? आणि आज जो मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याच्यासाठी काय कराल? पहिल्या दोन प्रश्नांना कदाचित उत्तरे मिळतील. तिसऱ्याचे उत्तर जो देईल, त्याला फळ दिसेपर्यंत धीर धरणारा मतदार लागतो. तो धीर आपल्यापाशी आहे काय, हे आपणच आपल्याला विचारले पाहिजे.