कोर्लईचे भूशिर : ढासळते तट आणि जिवंत बोली



रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, तेथे मुखाच्या दक्षिण अंगाला एक उभट, खडकाळ डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो. तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूने जमिनीची अरुंद पट्टी, असे हे कोर्लईचे भूशिर होय. अलिबागहून रेवदंड्यास यावे, खाडीवरील पूल ओलांडून साळावला उतरावे आणि मुरूडच्या रस्त्याने थोडे पुढे जावे, की उजव्या हाताला कोर्लई गाव लागते. मुरूड-जंजिऱ्याकडे निघालेले बहुसंख्य प्रवासी हा फाटा ओलांडून पुढे जातात. परंतु निसर्ग, वन्यजीवन आणि इतिहास या तिन्हींचा एवढ्या लहान जागेत झालेला मेळ कोकणच्या किनाऱ्यावरही फारसा आढळत नाही. शिवाय येथे चौथीही एक गोष्ट आहे, आणि तीच सर्वांत मोलाची आहे.

गावातील वस्ती मागे टाकून डोंगराच्या पायथ्याने, समुद्राला बिलगून जाणाऱ्या वाटेने निघाले, की प्रथम १९५५ साली उभारलेले दीपगृह लागते. त्याच्या मागून गडाकडे पायऱ्या चढतात. चढण फार लांबीची नाही, पण उभी आहे. माथ्यावर पोचताच चारी दिशा मोकळ्या होतात. पश्चिमेला अथांग सागर, उत्तरेला खाडीच्या मुखापलीकडे रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या बागा आणि पूर्वेला खाडीचे संथ पात्र. दक्षिणेकडे वळून पाहिले, की एका बाजूला समुद्राची पुळण आणि दुसऱ्या बाजूला खाडी, यांच्या मधोमध दाटीने वसलेले गाव आणि किनाऱ्यास ओढून ठेवलेल्या होड्या दिसतात. हे दृश्य पाहिले, की हा डोंगर ताब्यात ठेवण्यासाठी शतकानुशतके का झगडा झाला, हे वेगळे सांगावे लागत नाही. चौलच्या बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक गलबताला या डोंगराच्या नजरेखालूनच जावे लागे.

चौल हे फार प्राचीन बंदर. ग्रीक लेखकांनी ‘सिमिल्ला’ आणि अरब प्रवाशांनी ‘सैमूर’ म्हणून ज्याचा उल्लेख केला, ते हेच. १५०८ साली याच खाडीत पोर्तुगीज आरमाराची इजिप्त व गुजरात यांच्या संयुक्त आरमाराशी लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा तीत मारला गेला. पुढे १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्यास कोट बांधावयास घेतला. समोरच्या डोंगरास ते ‘मोरो’ म्हणत. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला, पण तो यशस्वी झाला नाही. शतकाच्या अखेरीस निजामशाहीने मोरोवर बळकट तटबंदी उभी केली. रेवदंड्याचा कोट तिच्या माऱ्याखाली आला. तेव्हा १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून तो किल्ला घेतला आणि पुढील सुमारे दीडशे वर्षे तो त्यांच्याकडे राहिला.

किल्ल्याची रचना डोंगराच्या आकारानेच ठरविली आहे. लांबी सुमारे २,८०० फूट आणि सरासरी रुंदी नव्वद फुटांच्या आत. दक्षिणोत्तर पसरलेल्या या चिंचोळ्या धारेवर आडव्या भिंती घालून एकामागून एक आवारे केलेली आहेत. एक दरवाजा पडला तरी पुढचा लढविता यावा, अशी ही योजना होती. आज छप्पर उडालेले चर्च, पाण्याचे टाके, महादेवाचे लहानसे देऊळ, गंजत पडलेल्या तोफा आणि पोर्तुगीज लेख कोरलेली शिळा यांतून हिंडताना काळाचे थर एकावर एक कसे चढले ते स्पष्ट दिसते. १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेच्या धामधुमीत चिमाजी आप्पांनी सुभानराव माणकर यांना कोर्लईवर धाडले आणि १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. सान दिएगो आणि सान फ्रान्सिस्को ही बुरुजांची जुनी नावे जाऊन त्यांस नवी नावे मिळाली. १८१८ नंतर मराठी सत्तेबरोबर या किल्ल्याचे लष्करी महत्त्वही संपले.

माणसांची ये-जा थांबली, तरी भूशिराचे मूळचे रहिवासी येथेच राहिले. ओहोटीला पायथ्याचे काळे खडक उघडे पडतात. त्यांच्या कपारींत खेकडे, शंख आणि खडकाला चिकटलेली कालवे यांची वस्ती असते. ती कालवे फोडून काढणे हा कोळी स्त्रियांचा पिढीजात कष्टाचा उद्योग आहे. खडकांवर समुद्र बगळा ध्यानस्थ उभा असतो, आकाशात तांबूस पंखांची ब्राह्मणी घार घिरट्या घालते. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून आलेले कुरव आणि तुतवार किनाऱ्यावर उतरतात. खाडीच्या काठाने तिवरांची झाडी आहे. माशांची पिले तिच्या मुळांच्या आश्रयाने वाढतात, म्हणून तिवर तोडणे म्हणजे उद्याच्या जाळ्यातील मासळी आजच कमी करणे होय. याच तालुक्याच्या परिसरातील फणसाडचे जंगल एकेकाळी जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि तेथे शेकरू आजही उंच झाडांवरून उड्या घेताना दिसतो. शिकारीचे रान अभयारण्य झाले ते वेळीच घेतलेल्या एका निर्णयामुळे, हे विसरता येणार नाही.

आता त्या चौथ्या गोष्टीकडे वळू. १७४० मध्ये पोर्तुगीज अंमल गेला. परंतु गडाच्या आश्रयाने राहणारा स्थानिक ख्रिस्ती समाज मागे राहिला. तो पायथ्याच्या गावात स्थिरावला, शेतीभाती करू लागला आणि आपली बोली बोलत राहिला. पोर्तुगीज शब्द आणि मराठी वळण यांच्या मिश्रणातून घडलेली ही बोली तिचे भाषक ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, या नावाने ओळखतात. ती बोलणारे आज हजाराच्या घरात आहेत. भोवती सर्वत्र मराठी, पोर्तुगीज मुलखाशी व्यवहार तुटलेला, लिपी नाही, ग्रंथ नाहीत, राजाश्रय तर नाहीच. तरीही पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ ही बोली आईकडून मुलाकडे जात राहिली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा सविस्तर अभ्यास करून १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

मराठीच्या सहवासाने या बोलीचा कणाच बदलला. पोर्तुगीज वाक्यात क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटाकडे सरकले. देवघेव मात्र एकतर्फी नव्हती. आपण रोज वापरतो ते चावी, पगार, बटाटा, साबण, घमेले हे शब्द पोर्तुगीजांतूनच मराठीत आले आहेत. ज्या सत्तांनी या डोंगरासाठी एकमेकींचे रक्त सांडले, त्यांच्या भाषा डोंगराखाली एकाच चुलीशी बसून एक झाल्या. या भूशिरावरील कोणत्याही शिलालेखापेक्षा हा लेख अधिक वाचनीय आहे.

तो पुसट होत चालला आहे. त्यामागे कोणाचे वैर नाही. ज्या गोष्टींची प्रत्येक गावाने इच्छा धरावी त्यांमुळेच हे घडत आहे. मुले शाळेत जातात, तरुण मुंबईस नोकरी धरतात, रस्ता दारापर्यंत आला आहे. चर्चमधील उपासनेची भाषाही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी झाली. हे सारे योग्यच आहे. परंतु मुलाने शाळेची भाषा शिकावी म्हणून घरची विसरावी, असे कोठे लिहिलेले नाही. राज्यघटनेत १९५६ साली समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याची अपेक्षा व्यक्त करतो. दुसरीकडे, १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांची जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत स्वतंत्र नोंद केली जात नाही. जी भाषा तक्त्यात नाही, ती योजनेत येत नाही आणि कार्यालयाच्या ध्यानीही राहत नाही. म्हणून अशा बोलींची जपणूक वरून येणाऱ्या आदेशाची वाट पाहत बसणारी असू शकत नाही. ती गावपातळीवरच व्हावयास हवी.

आणि हे काम खर्चाचे नाही. शिक्षकाने वर्गात मुलाच्या घरच्या शब्दाला हसू नये, उलट तो फळ्यावर लिहावा आणि त्याशेजारी मराठी शब्द मांडावा. दोन्ही भाषा त्याने पक्क्या होतात. गावातील वृद्ध स्त्रियांच्या गोष्टी आणि लग्नाची गाणी ध्वनिमुद्रित करून शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवता येतील. मात्र ते त्यांच्या संमतीने व्हावे आणि त्यांच्या नावाचा मान राखून व्हावे. पंचायतीने गडावर जाणारी वाट स्वच्छ ठेवावी, प्लास्टिक खाली आणण्याची शिस्त घालून द्यावी आणि तटावर नावे कोरणाऱ्यास वेळीच अटकाव करावा. वाट दाखविण्याचे काम गावातील तरुणांना मिळाले, तर पाहुण्यांना गडाचा इतिहास कळेल आणि त्या तरुणांनाही आपल्या बोलीची किंमत नव्याने उमगेल. अधिकारीवर्गाने पर्यटनाचा आराखडा आखताना वाहनतळ आणि उपाहारगृह यांच्या आधी तिवरे, कालवांचे खडक आणि कोळ्यांची होड्या ओढण्याची जागा नकाशावर दाखवून घ्यावी.

कोर्लईला जाणाऱ्याने हिवाळ्यात, ओहोटीची वेळ विचारून जावे. गड पाहून झाल्यावर घाईने परतू नये. पायथ्याच्या गल्लीतून सावकाश चालावे आणि ओट्यावरची माणसे एकमेकांशी काय बोलतात तिकडे कान द्यावा. काही शब्द ओळखीचे वाटतील, काही परके. समुद्रावरून आलेल्या लोकांना या किनाऱ्याने कसे आपलेसे केले, याची साक्ष त्या बोलण्यात आहे. गडाचे तट दुरुस्त करता येतात. एकदा गप्प झालेली बोली पुन्हा बोलती करणे अतिशय अवघड असते. आज ती बोलणारी माणसे आहेत, तोवरच ती जपण्याला अर्थ आहे.