विद्या घरी केव्हा येते? : दादासाहेब फाळके यांचे दोन प्रवास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर एकच काम केले : आपल्याजवळचे ज्ञान दुसऱ्याच्या हाती दिले. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी ज्ञानाच्या अशाच एका हस्तांतराचा विषय निवडला आहे. परदेशी जाऊन छायाचित्र छापण्याच्या व चित्रपट तयार करण्याच्या प्रक्रिया शिकून आलेल्या एका मराठी माणसाची ही कथा आहे. मराठीचा प्राध्यापक या विषयाकडे कसा वळला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, दादासाहेब फाळके यांनी ‘नवयुग’ मासिकात १९१७-१८ या काळात ‘भारतीय चित्रपट’ या विषयावर लेखमाला लिहिली. मराठी गद्याच्या अभ्यासकाने ती वाचावी अशी माझी धारणा आहे. कारण एखादा कारागीर आपली विद्या आपल्या भाषेत मांडू लागला की भाषेच्या अंगी कोणते नवे बळ येते, ते तेथे दिसते.

प्रथम मूळ विषयाची थोडी ओळख करून घेऊ. फोटो म्हटला की आज आपल्या डोळ्यांसमोर खिशातला मोबाइल येतो. त्याआधीच्या पिढीला निगेटिव्ह धुणारा स्टुडिओवाला आठवतो. परंतु कारखान्यात तयार झालेला फोटोचा कागद बाजारात येण्यापूर्वी छाप काढणारा आपला कागद आपणच सिद्ध करीत असे. इंग्लंडात टॅल्बट यांनी मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदावर चांदीच्या क्षाराचा लेप देऊन उन्हात छाप काढले. १८४२ साली जॉन हर्शेल यांनी लोहाच्या क्षारांपासून निळा छाप शोधला. तो धुवायला साधे पाणी पुरते. पुढे अभियंत्यांचे नकाशे याच रीतीने निघू लागले आणि त्यातूनच ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द आपल्याकडे आला. निळा कागद गेला, पण पुढाऱ्यांच्या भाषणात तो शब्द अजून टिकून आहे.

तिसरी रीत आपल्या गावाला अधिक जवळची वाटेल. डिंकात किंवा सरसात बायक्रोमेट नावाचा क्षार मिसळला, तर जेथे ऊन लागते तेथे तो थर घट्ट होतो आणि जेथे लागत नाही तेथे पाण्याने विरघळून जातो. त्या थरात रंग कालवला की चित्र उमटते. येथे कागदालाही आधी खळ द्यावी लागते, नाही तर रंग कागदात मुरतो. खळ म्हणजे काय, हे शहापुरात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. सूत असो वा कागद, त्याला शिस्त लावल्याशिवाय त्यावर काम उभे राहत नाही.

आता या गोष्टीचा फाळक्यांशी संबंध पाहू. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले व १८९० साली बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली होती. धंद्याचे शिक्षण देशी भाषांतून द्यावे, हा तिच्यामागचा विचार होता. रंगकाम, चित्रकला, यंत्रकाम असे विषय तेथे एका छपराखाली नांदत. फाळक्यांनी तेथे छायाचित्रणाचा अभ्यास केला आणि पुढे रतलाम येथे तीनरंगी ठसे व शिळाछापाची फोटोप्रक्रिया शिकून घेतली. सरसाच्या थरावर उन्हाने उमटवलेले चित्र शाईने भरून दगडावर उतरवायचे, ही ती प्रक्रिया. म्हणजे जगभरचे हौशी कलावंत आज ज्या बायक्रोमेटच्या गुणधर्मावर डिंकाचे छाप काढतात, त्याच गुणधर्मावर फाळक्यांच्या छापखान्यातील काम चाले. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीच्या वातावरणात त्यांनी पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडली आणि लोणावळ्यास छापखाना काढला. तेथे राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईसाठी हेच काम होई.

येथून त्यांचे दोन प्रवास सुरू होतात. या दोन प्रवासांची तुलना हाच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

पहिला प्रवास १९०९ सालचा, जर्मनीचा. रंगीत छपाईत तेव्हा जर्मनीचा हात धरणारा देश नव्हता. भागीदारीतल्या छापखान्यासाठी नवी यंत्रसामग्री आणणे हा त्या प्रवासाचा हेतू होता. यंत्रे आली, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’चे नाव झाले. पण पुढे भागीदारीत मतभेद झाले आणि फाळके छापखान्यातून बाहेर पडले. चाळिशी ओलांडलेला, कुटुंबवत्सल माणूस रिकाम्या हाताने रस्त्यावर आला. यंत्र हे ज्याचे भांडवल त्याचे असते. माणूस निघाला तरी ते जागेवरच राहते.

दुसरा प्रवास १९१२ सालचा, लंडनचा. मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहून त्यांच्या मनाने घेतले होते की, आपल्या देवदेवतांच्या कथा अशाच पडद्यावर दिसल्या पाहिजेत. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसा उभा केला आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी प्रयाण केले. लंडनमध्ये त्यांची कोणाशी ओळख नव्हती. ते ज्या ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे वर्गणीदार होते, त्याच्या कचेरीत ते सरळ जाऊन उभे राहिले. संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. मग त्यांची तळमळ पाहून त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थ यांनी आपल्या वॉल्टन येथील स्टुडिओतील सर्व विभाग त्यांना दाखविले, चित्रीकरणाचे प्रात्यक्षिकही पाहू दिले. फाळक्यांनी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म व तिला भोके पाडण्याचे यंत्र मागविले आणि १ एप्रिलला ते परत आले. प्रवासाचे दिवस वगळले तर लंडनमधला मुक्काम सुमारे दोन आठवड्यांचा!

मित्रहो, एवढ्या थोड्या दिवसांत माणूस काय शिकतो? ज्याने आधीची वीस-बावीस वर्षे अंधाऱ्या खोलीत हात भिजवले आहेत, तोच एवढ्या दिवसांत शिकू शकतो. कलाभवन, रतलाम आणि लोणावळा यांनी त्यांची जमीन नांगरून ठेवली होती. लंडनला फक्त पेरणी झाली.

परंतु खरी परीक्षा परत आल्यावर होती. मागविलेल्या फिल्मला भोके नसत. ती अंधारात, एकेका पट्टीला अचूक पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. फिल्म धुण्याची व छापण्याची कामेही त्यांनी आत्मसात केली. घरातल्या मोठ्या कुटुंबाचा आणि पुढे चित्रपटाच्या साऱ्या चमूचा स्वयंपाक सांभाळून त्या रात्री हे काम करीत. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ दिवसांमागून दिवस टिपून मिनिटभराची एक फिल्म तयार केली. ती दाखवून भांडवल मिळवले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. तो सुमारे ३,७०० फुटांचा चित्रपट होता, आणि त्याच्या प्रयोगशाळेचा अर्धा भार एका गृहिणीने उचललेला होता.

माझे म्हणणे येथे स्पष्ट करतो. विद्या परदेशातून आणली, असे केव्हा म्हणावे? बोटीतून पेट्या उतरल्या म्हणजे नव्हे. ती शिकून आलेल्या माणसाच्या घरी दुसरा हात ते काम बिनचूक करू लागला, म्हणजे ती आली. या कसोटीवर जर्मनीहून यंत्रे आली आणि लंडनहून विद्या आली. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तेव्हा तेथेच राहून चित्रपट काढण्यास त्यांना बोलावणे आले. ते नाकारून ते परतले. ज्यांच्या हाती विद्या द्यायची ती माणसे इकडे होती.

कोणी म्हणेल, मग जावे तरी कशाला? त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या करवीर नगरीत मिळते. बाबूराव पेंटर परदेशी गेले नाहीत. त्यांनी व त्यांचे मावसबंधू आनंदराव यांनी यंत्र उघडून पाहिले, घडण समजून घेतली. आनंदरावांच्या अकाली निधनानंतर बाबूरावांनी कोल्हापुरातच कॅमेरा सिद्ध केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्या हाताखाली पुढे व्ही. शांताराम तयार झाले. एकजण समुद्र ओलांडून गेला, दुसरा पंचगंगेच्या काठीच राहिला. दोघांनीही दुसरे हात घडविले. प्रवास हे साधन आहे. मिळाले तर घ्यावे, न मिळाले तर अडून बसू नये.

हात मात्र नश्वर असतात. त्या काळची फिल्म तर हातांहूनही नश्वर. ती पेट घेई, कुजून जाई. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे एवढेच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात टिकून राहिले. फाळक्यांच्या इतर कामाचाही फार मोठा भाग नाहीसा झाला. ‘नवयुग’मधील लेख मात्र आजही वाचता येतात. जेथे फिल्म हरली तेथे शब्द टिकला. आपण काय पाहिले, काय सोसले, काम कसे उभे केले, हे फाळक्यांनी आपल्या माणसांना समजेल अशा मराठीत सांगून ठेवले. त्यासाठी त्यांना परिभाषेचा कोश लागला नाही. जे काम हाताने केले, त्याला तोंडाने नाव सापडते.

आज या जुन्या प्रक्रियांना जगभर पुन्हा माणसे मिळत आहेत, ही फार सुखावणारी गोष्ट आहे. चांदी, निळा छाप, डिंक, प्लॅटिनम यांवर अमेरिकेतील सांता फे येथे आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या. आपल्या शेजारी गोव्यातही या पर्यायी छायाचित्रणासाठी केंद्र उभे राहिले. अशा मेळाव्यांत निबंधवाचन असते, पण लोक दूरदूरहून येतात ते कार्यशाळांसाठी. लेप किती पातळ असावा, कागद कितपत सुकल्यावर उन्हात ठेवावा, पाणी केव्हा बदलावे, हे पुस्तकात वाचून कळत नाही. जाणत्याच्या शेजारी उभे राहून कळते. बायक्रोमेट विषारी व कर्करोगाला कारण होणारे आहे, तेव्हा हातमोजे घालण्याची शिस्तही तेथेच लागते. ज्या जगात क्षणात हजार चित्रे निघतात, त्या जगात एका छापासाठी दिवस घालवणारी ही माणसे वेडी नव्हेत. हाताची विद्या एका पिढीत शेजारी उभे राहणारा मिळाला नाही तर संपते, हे त्यांनी ओळखले आहे.

हे ऐकताना आपल्याला आपलेच गाव आठवत असेल. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत हे शहापूर सांगलीकर पटवर्धनांच्या अमलात होते आणि त्याची ख्याती मागावर होती. शहापूर, वडगाव, खासबाग येथील बोळांतून मागाचा आवाज हेच गावाचे घड्याळ होते. हातमाग ओसरला, यंत्रमागही अडचणीत आले. सूत कसे पाजावे, रंग पक्का कसा करावा, काठ कसा भरावा, हे जाणणारे आजोबा-आजी अजून काही घरांत आहेत. त्यांची नातवंडे या सभागृहात बसली आहेत. या विद्येची शब्दसंपत्ती मराठीत आहे आणि कन्नडमध्येही आहे. अनेक घरांत दोन्हींची वीण एकाच पटात पडली आहे. ती कोणत्याही विद्यापीठाच्या कोशात पूर्णपणे उतरलेली नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येक जण पुण्याला, बंगळूरला जातील, काही समुद्रापार जातील. अवश्य जा. पोटासाठी जाणाऱ्याला परत येण्याची शपथ घालण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण दोन गोष्टी मागतो. जाण्यापूर्वी आपल्या घरातील एका जाणत्या माणसाजवळ बसा. त्याचे काम पाहा, त्याचे शब्द त्याच्याच बोलीत वहीत उतरवून घ्या, आणि जमल्यास ते काम एकदा आपल्या हाताने करून पाहा. आणि तिकडे जे शिकाल, ते कधीतरी आपल्या भाषेत, आपल्या आईला समजेल असे लिहून पाठवा. आईला समजेल असे लिहिणे हलके नसते. विषय पुरता पचल्याशिवाय ते साधत नाही. शाळेने अशा वह्यांसाठी ग्रंथालयात एक कपाट राखून ठेवावे, अशी माझी मुख्याध्यापकांना नम्र सूचना आहे.

ज्यांच्या स्मृतीला आपण आज वंदन करीत आहोत, त्यांचे विद्यार्थी आज कुठे कुठे आहेत याची यादी करणे सोपे नाही. त्या प्रत्येकाच्या हातून जे काम नीट होते आहे, तेच गुरुवर्यांचे खरे स्मारक होय.