राळ्याचा मान आणि पडद्याआडची माणसे

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



राष्ट्राने परकीय पाहुण्यांना मेजवानी द्यावी की नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय नव्हे. एका भोजनाने एवढ्या मोठ्या देशाची तिजोरी रिकामी होत नाही, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मी आरंभीच मान्य करतो. प्रश्न आहे तो ताटात काय वाढले जाते आणि दृष्टीआड काय केले जाते, याचा.

९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीच्या भारत मंडपमात राष्ट्रपतींनी जी-२० राष्ट्रांच्या प्रमुखांना भोजन दिले. ते वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. साहजिकच राळ्याच्या पापड्यांपासून गोड पदार्थापर्यंत भरडधान्याला मान मिळाला. कोरडवाहू शेतकऱ्याचे, आदिवासीचे धान्य राजदरबारी पोचले याचा आनंदच आहे. परंतु त्याच दिवसांत राजधानीतील काही झोपडपट्ट्या हिरव्या कापडाने झाकण्यात आल्या. याच परिषदेच्या बैठकीच्या निमित्ताने डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईनेही असे पडदे पाहिले होते. गरिबाचे धान्य पाहुण्यांपुढे मिरवायचे आणि गरिबाला पडद्याआड ढकलायचे, याला दांभिकतेवाचून दुसरे नाव नाही. 'लोकशाहीची जननी' अशी देशाची ओळख करून देणाऱ्या त्या सोहळ्यात राज्यसभेतील विरोधी पक्षनेते मल्लिकार्जुन खरगे यांना भोजनाचे निमंत्रणही नव्हते.

आता हिशेब पाहू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने भरडधान्य किलोला १ रुपया दराने देण्याची तरतूद केली. २०२३ पासून ते मोफत झाले. प्रत्यक्षात रेशनच्या पिशवीत पडतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळच, कारण सरकारी खरेदी त्यांचीच होते. ज्या धान्याला मेजवानीत स्थान आहे, त्याला सरकारी गोदामात पुरेशी जागा नाही!

हा रोग केवळ आपला नाही. जुलै २००८ मध्ये जपानमधील तोयाको येथे जी-८ चे नेते जागतिक अन्नटंचाईची चिंता वाहत होते आणि रात्री त्यांच्यापुढे आठ टप्प्यांचे भोजन मांडले गेले होते.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये डॉ. लोहियांनी लोकसभेत विचारले होते, की देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगत असता पंतप्रधानांवर रोज २५ हजार रुपये कसे खर्च होतात? सरकारने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. आकड्यांचा वाद राहो; लोहियांनी दोन्ही खर्च एकाच पानावर मांडले, हे त्यांचे खरे कार्य.

तेच आपणही केले पाहिजे. पुढील मेजवानीच्या वेळी पदार्थांच्या यादीचे कौतुक अवश्य करावे. परंतु त्या वर्षी सरकारने किती ज्वारी, बाजरी, नाचणी हमीभावाने घेतली आणि किती रेशनवर दिली, हेही त्याच वेळी विचारावे. आणि पाहुण्यांच्या वाटेवरील पडदे आधी काढावयास लावावेत.