उसाचा दर आणि जागतिक व्यापाराचा हिशेब
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



उसाची एफआरपी केंद्र सरकार ठरवते आणि पैसे कारखाना देतो. तरीही जागतिक व्यापार संघटनेच्या हिशेबात हा दर अनुदान ठरला. तो कसा ठरला, ते आज पाहू.

संघटनेचा शेतीविषयक करार 1 जानेवारी 1995 पासून लागू झाला. भावावर परिणाम करणारी मदत आपल्यासारख्या विकसनशील देशांना पिकाच्या उत्पादन-मूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंत देता येते, विकसित देशांना 5 टक्के. वरवर पाहता झुकते माप आपल्याकडे दिसते. पण ज्यांची अनुदाने 1986-88 मध्ये भरमसाट होती, त्यांना त्यात थोडी कपात करून उरलेली चालू ठेवण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेला अशी वर्षाला सुमारे 19 अब्ज डॉलरपर्यंत मुभा आहे. आपल्याला ती नाही.

खरी गोम मोजमापात आहे. समजा, एखाद्या मालाचा 1986-88 चा संदर्भ भाव क्विंटलला 200 रुपये आणि आजचा जाहीर भाव 1,000 रुपये आहे. फरक 800. दरम्यान खत, डिझेल, मजुरी किती वाढली, ते कोणी विचारत नाही. जाहीर भाव सगळ्या पिकाला लागू असेल आणि बाजारभावही तेवढाच धरला, तर मदत 80 टक्के निघते! सरकारने एक पोतेही घेतलेले नसले तरी.

उसाचे नेमके हेच झाले. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी 2019 मध्ये तक्रार केली. दर कारखाने देतात, सरकार नव्हे, हा भारताचा मुद्दा लवादाने मानला नाही. 2014-15 ते 2018-19 या पाचही हंगामांत मर्यादा ओलांडली, असा निकाल 14 डिसेंबर 2021 रोजी आला. भारताने डिसेंबर 2021 मध्ये अपील केले. पण अपील मंडळात डिसेंबर 2019 पासूनच पुरेसे सदस्य नसल्याने ते अडकले. निकालात साखर निर्यातीच्या मदतीवरही आक्षेप आहे. आपली अनुदानित साखर बाहेर गेली की इतरांचा भाव पडतो, हे मात्र आपल्यालाही नाकारता येणार नाही.

बाली येथे 2013 मध्ये मिळालेले संरक्षण अन्नसुरक्षेसाठीच्या सरकारी धान्यसाठ्यापुरते आहे. ते उसाच्या कामाचे नाही. मात्र कमी उत्पन्नाच्या शेतकऱ्यांना खत, वीज, पाणी यांसाठी मिळणारी मदत आणि शेतीतील गुंतवणुकीसाठी सर्वांना खुले असलेले अनुदान विकसनशील देशांत या मर्यादेबाहेर धरले जाते. ठिबक संचाचे अनुदान त्यातच बसते.