यमुनेचा प्रश्न



१८९० साली हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिची नायिका यमुना आपली कहाणी स्वमुखाने सांगते. लेखक पुरुष असला, तरी माजघरातील दुःख त्याने दिवाणखान्याला ऐकविले.

यमुनेच्या अपेक्षा किती माफक! पतीजवळ बसून चार अक्षरे वाचावीत, त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे, एवढेच. मुंबईच्या बिऱ्हाडात रघुनाथरावांच्या सहवासात हे सुख तिला काही काळ लाभले. परंतु त्याला आधार होता तो एका सहृदय पतीचा. तो गेला आणि सारे संपले. सासरी तिचे बळजबरीने केशवपन करण्यात आले. विधवाविवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता दिली होती; पण कायद्याचा हात माजघरापर्यंत पोहोचत नव्हता. छळ करणारे घरचेच होते आणि तोंडाने धर्माची भाषा बोलत होते. कादंबरीचे खरे शल्य हेच.

त्याच दशकात, १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला व १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. याच विद्यापीठातून शिकलेल्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह लिहिला. आता स्त्री स्वतः बोलत होती. पण ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाआडून. तिच्या नायिका शिकलेल्या होत्या, मिळवत्या होत्या. तरीही एका कथेचे शीर्षकच विचारते, ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ मुलीच्या मिळकतीवर घर चालते, मग तिच्या स्वतःच्या संसाराचे काय? या लेखनाने मोठे वादळ उठले. लिहिणारी कोण, याचाच शोध सुरू झाला.

यमुनेला अक्षरासाठी झुरावे लागले, विभावरींच्या नायिकांना अक्षर लाभूनही निर्णयाचा अधिकार मिळाला नाही. आज मुलगी शिकते, पदवी घेते, नोकरी करते. परंतु तिच्या विवाहाची बोलणी चालू असताना तिचे मत आधी विचारले जाते की सर्व ठरल्यावर? आपटे यांनी शीर्षकातच व्यक्त केलेल्या खंतीला उत्तर व्यासपीठावरून देता येणार नाही. ते प्रत्येकाने आपल्या घरी द्यावयाचे आहे.