कृष्ण मेनन, उपनगरे आणि वृत्तपत्रे

राजकीय नेत्याची सर्व बाजूंनी पारख करण्याइतकी सवड मतदाराला क्वचितच असते. वृत्तपत्रांनी त्या घडीला जो प्रश्न ऐरणीवर आणलेला असतो, त्यावरच तो नेत्याला जोखतो. कोणता विषय महत्त्वाचा हे माध्यमांनीच असे ठरवून देण्याला अभ्यासक ‘विषयक्रम-निश्चिती’ म्हणतात. मॅकोम्ब्स आणि शॉ या अमेरिकी अभ्यासकांनी 1972 मध्ये तिची शास्त्रीय मांडणी केली, परंतु मुंबईच्या उपनगरांनी तिचा प्रत्यय त्याआधीच घेतला होता.

1962 च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले, तेव्हा करंजियांचे ‘ब्लिट्झ’ मेनन यांची तळी उचलत होते, तर कराकांचे ‘करंट’ त्यांच्यावर तुटून पडत होते. अमेरिकेच्या ‘टाइम’नेही त्यांना मुखपृष्ठावर घेतले. मेनन भले की बुरे याबाबत या साप्ताहिकांत टोकाचे मतभेद होते, मात्र लढत मेनन यांच्या परराष्ट्र व संरक्षण धोरणाची आहे, याविषयी दुमत नव्हते, आणि प्रभाव पडतो तो बहुधा अशा अबोल एकमताचाच. गोवा नुकताच मुक्त झाला होता. मेनन सुमारे 1 लाख 45 हजारांच्या मताधिक्याने निवडून आले.

त्याच वर्षी चीनने आक्रमण केले, अपुऱ्या कपड्यांनिशी हिमालयात लढणाऱ्या जवानांच्या बातम्या आल्या आणि नोव्हेंबरात मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. याचे खापर वृत्तपत्रांवर फोडणे अन्यायाचे ठरेल, कारण पराभव खराच होता.

1967 मध्ये मात्र प्रश्नच बदलला. ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली ‘मार्मिक’ या मराठी साप्ताहिकाने कचेऱ्यांतील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्याच्या याद्या छापल्या होत्या, त्यांना वेगळ्या युक्तिवादाची गरज नव्हती, कारण नावांची ती लांबण हाच युक्तिवाद होता. काँग्रेसने उमेदवारी नाकारल्यावर अमराठी मेनन ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले, तेव्हा घाटकोपर-मुलुंडकडच्या मराठी वाचकापुढे त्यांना मोजण्यासाठी ‘आपला की परका’ हे माप तयार होते. समोर स. गो. बर्वे होते, पानशेतच्या पुरानंतर पुण्याच्या पुनर्वसनात नाव कमावलेले, शिवसेनेचा पाठिंबा लाभलेले. मेनन हरले, बर्वे यांच्या अकाली निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांच्याकडूनही हरले. जेथे ‘मार्मिक’ वाचला जात नव्हता आणि डाव्यांचे पाठबळ होते, त्या बंगालमधील मिदनापूरने 1969 मध्ये याच मेनन यांना लोकसभेत पाठवले.